पेटीतून गावाकडे : बडोदे संस्थानातील ग्रंथालय चळवळ आणि वाचकाला पुस्तक सापडण्याचा प्रश्न

प्रास्ताविक

महाराष्ट्रातील ग्रंथालयांचा इतिहास सामान्यतः स्थापनेची वर्षे, देणगीदारांची नावे, इमारती आणि ग्रंथसंख्या यांच्या आधारे सांगितला जातो. ग्रंथालय कधी निघाले, कोणी काढले आणि त्यात किती पुस्तके जमली, हे त्यातून नेमके कळते. परंतु त्या ग्रंथालयात पाऊल टाकणाऱ्या माणसाला हवे असलेले पुस्तक कसे मिळे, याचे उत्तर क्वचितच मिळते. याहून पुढचा प्रश्न असा, की आपल्याला कोणते पुस्तक हवे आहे हेच ज्याला सांगता येत नाही, त्याचे काय? नुकतीच अक्षरओळख झालेला शेतकरी, शाळेतील मूल, घराबाहेर फारशी न पडणारी स्त्री यांच्या दृष्टीने हाच प्रश्न महत्त्वाचा असतो. पुस्तक छापले गेले आणि कपाटात ठेवले गेले, एवढ्याने ते वाचकाला सापडत नाही. पुस्तक सापडणे ही एक सामाजिक व्यवस्था आहे आणि तिला स्वतःचा इतिहास आहे.

प्रस्तुत लेखात या दृष्टीने बडोदे संस्थानातील ग्रंथालय चळवळीचा विचार केला आहे. महाराजा सयाजीराव गायकवाड (१८६३–१९३९) यांच्या कारकिर्दीत १९१० पासून सुरू झालेली ही चळवळ ‘मोफत सार्वजनिक ग्रंथालये’ म्हणून प्रसिद्ध आहे आणि तिचा गौरवही पुष्कळ झाला आहे. तथापि ग्रंथालयांची संख्या किंवा त्यांचे मोफत असणे एवढ्यापुरते तिचे महत्त्व मर्यादित नाही. वाचक आणि पुस्तक यांची गाठ घालून देण्याची जबाबदारी संस्थानाने स्वतःकडे घेतली, हा तिचा खरा विशेष होय, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

पार्श्वभूमी : वर्गणीची ग्रंथालये आणि सरकारी याद्या

मुंबई इलाख्यात सार्वजनिक म्हणता येतील अशी ग्रंथालये एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच निघाली होती. रत्नागिरी (१८२८), अहमदनगर (१८३८), नाशिक (१८४०), पुणे (१८४८) आणि संस्थानी मुलखात कोल्हापूर (१८५०) हा त्यांचा स्थूल क्रम होय. इंग्रज अधिकारी आणि नवशिक्षित एतद्देशीय यांच्या सहकार्याने उभी राहिलेली ही ग्रंथालये मुख्यतः वर्गणीवर चालत. वर्गणी देणारा तो सभासद, आणि सभासद तो वाचक, अशी त्यांची रचना होती. त्यामुळे वकील, शिक्षक, कारकून, सरकारी नोकर यांची सोय झाली. शेतकरी, कारागीर, स्त्रिया आणि मुले यांचा विचार त्या रचनेत फारसा नव्हता. पुढे ठाणे (१८९३) व मुंबई (१८९८) येथील मराठी ग्रंथसंग्रहालयांनी मराठी ग्रंथ जपण्याचा हेतू अग्रभागी ठेवला. हे कार्य मोलाचे होते. पण संग्रह करणे आणि संग्रहाची वाट वाचकाला दाखवणे ही दोन वेगळी कामे आहेत.

ग्रंथांच्या याद्यांचीही स्थिती अशीच होती. १८६७ च्या छापखाने व ग्रंथनोंदणीविषयक कायद्यानुसार प्रत्येक इलाख्यात नव्या पुस्तकांची त्रैमासिक यादी प्रसिद्ध होऊ लागली. ग्रंथाचे नाव, भाषा, लेखक, विषय, छापखाना, पृष्ठसंख्या, प्रती, किंमत अशी तपशीलवार नोंद त्यात असे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी मराठी वाङ्मयाच्या वाढीचा जो आढावा १८९८ मध्ये घेतला, त्याला या नोंदींचाच आधार होता. अभ्यासकाच्या दृष्टीने या याद्या अमूल्य आहेत. मात्र त्या कोणासाठी तयार झाल्या, हे लक्षात घेतले पाहिजे. छापल्या जाणाऱ्या मजकुरावर सरकारची नजर राहावी, हा त्यांचा एक प्रमुख हेतू होता. गावातल्या वाचकाने त्या पाहून पुस्तक निवडावे, अशी कल्पनाही त्यामागे नव्हती. अशा रीतीने विसाव्या शतकाच्या आरंभी मराठीत व गुजरातीत पुस्तके होती, ग्रंथालये होती आणि याद्याही होत्या. परंतु या तिन्हींचा सामान्य वाचकाशी सांधा जुळलेला नव्हता.

सक्तीच्या शिक्षणातून निर्माण झालेला प्रश्न

हा सांधा जुळवण्याची निकड बडोद्यात प्रथम निर्माण झाली, ती सक्तीच्या शिक्षणामुळे. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या गावी जन्मलेले सयाजीराव बाराव्या वर्षी, १८७५ मध्ये दत्तक म्हणून बडोद्यास आले. त्यांचे औपचारिक शिक्षण त्यानंतरच सुरू झाले. अक्षरओळख उशिरा झालेल्या या राज्यकर्त्याने १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सर्व संस्थानात लागू केला. संस्थानाची लोकसंख्या त्या सुमारास वीस लाखांच्या आसपास होती. हिंदुस्थानात एवढ्या मोठ्या प्रदेशावर असा कायदा त्या वेळी दुसरीकडे नव्हता.

कायद्यामुळे मुले शाळेत आली. पण शाळा सोडल्यावर काय, हा प्रश्न लगेच पुढे आला. चार-पाच वर्षे शिकलेल्या मुलाच्या घरी एकही पुस्तक नसेल, तर पुढील काही वर्षांत तो शिकलेले विसरणार, हे उघड होते. असे झाले तर शिक्षणावरील खर्चच वाया जाणार होता. ग्रंथालयांचा विचार बडोद्यात या व्यावहारिक गरजेतून झाला. म्हणजे ज्याला वाचनाची आवड आहे त्याची सोय करणे हा तेथील प्रारंभबिंदू नव्हता. जो न वाचण्याची शक्यता अधिक आहे, त्याच्यापर्यंत पुस्तक कसे न्यावे, हा होता. चळवळीचे पुढील सर्व स्वरूप या एका फरकातून ठरले.

लोकांच्या बाजूनेही तयारी होती. मोतीभाई अमीन या शिक्षकाने १९०६ पासून ‘मित्रमंडळ’ वाचनालयांच्या द्वारे गुजराती खेड्यांत वाचनाचा प्रसार सुरू केला होता. सरकारी खाते पुढे निर्माण झाले, तेव्हा त्यांना त्यात सामावून घेण्यात आले. चळवळ खेड्यांत रुजली त्याचे श्रेय देताना राजाश्रयाबरोबर या शिक्षकाच्या परिश्रमांचाही उल्लेख केला पाहिजे.

बॉर्डन यांची योजना : कपाटाचे दार उघडणे

१९०६ च्या अमेरिकेच्या दौऱ्यात महाराजांनी तेथील सार्वजनिक ग्रंथालये पाहिली. १९१० मध्ये त्यांनी न्यू हेवन येथील ग्रंथपाल विल्यम अ‍ॅलन्सन बॉर्डन यांना बडोद्यास आणले. बॉर्डन यांनी चार्ल्स कटर यांच्या हाताखाली काम केले होते आणि मेल्विल ड्युई यांच्या ग्रंथालय विद्यालयात अध्यापनही केले होते. ग्रंथांचे वर्गीकरण कसे करावे, या तत्कालीन चर्चेतील दोन प्रमुख प्रवाहांशी त्यांचा निकटचा परिचय होता. १९१३ मध्ये ते परत गेले. परंतु तीन वर्षांत त्यांनी खात्याची घडी बसवून दिली.

महाराजांनी आपल्या खाजगी संग्रहातील सुमारे २०,००० ग्रंथ मध्यवर्ती ग्रंथालयासाठी दिले. एवढा संग्रह हाती आल्यावर पहिला प्रश्न मांडणीचा होता. बॉर्डन यांनी कटर व ड्युई या दोघांच्या पद्धतींतून बडोद्यासाठी स्वतंत्र वर्गीकरण तयार केले. वर्गीकरण हा ग्रंथपालाचा तांत्रिक विषय समजला जातो; परंतु वाचकाच्या दृष्टीने त्याचा अर्थ साधा आहे. एका विषयाची पुस्तके शेजारी शेजारी आली, म्हणजे एक पुस्तक शोधायला गेलेल्या माणसाला त्याच्या बाजूची चार पुस्तके दिसतात. जे मागायचे ठाऊक नव्हते, ते हाती लागते.

अर्थात हे घडायचे तर वाचकाला कपाटापर्यंत जाऊ दिले पाहिजे. त्या काळी बहुतेक ग्रंथालयांत पुस्तके कुलपात असत. वाचकाने यादी पाहून नाव सांगायचे आणि शिपायाने पुस्तक काढून द्यायचे, अशी रीत होती. बडोद्याच्या देवघेव विभागात मुक्तप्रवेशाची पद्धत स्वीकारण्यात आली. वाचकाने स्वतः मांडणीपाशी जावे, पुस्तक हाताळावे, चाळावे, परत ठेवावे, दुसरे घ्यावे. यात पुस्तके हरवण्याचा धोका होता. तो पत्करून वाचकावर विश्वास टाकण्यात आला. पुढे मांडवी भागात उभारलेल्या मध्यवर्ती ग्रंथालयाच्या इमारतीत पोलादी मांडण्या आणि खालच्या मजल्यापर्यंत उजेड पोहोचावा म्हणून काचेच्या जमिनी बसवण्यात आल्या. पुस्तकाचे नाव वाचता येईल एवढा उजेड मांडणीवर असावा, इतक्या बारकाव्यापर्यंत हा विचार गेला होता.

मांडणी करणारी माणसेही तयार करावी लागली. १९११ मध्ये बॉर्डन यांनी ग्रंथपालांच्या प्रशिक्षणाचा वर्ग सुरू केला. लाहोर येथे आसा डॉन डिकिन्सन यांनी १९१५ मध्ये सुरू केलेल्या प्रसिद्ध अभ्यासक्रमाच्या आधीचा हा प्रयत्न आहे. १९१२ मध्ये बडोद्यातून ‘लायब्ररी मिसेलनी’ हे नियतकालिक निघाले. ते इंग्रजी, गुजराती व मराठी अशा तीन भाषांत असे. खेड्यातील ग्रंथपालाला इंग्रजी येत नसले, तरी आपल्या व्यवसायाविषयी त्याच्या भाषेत वाचायला मिळावे, ही त्यामागील दृष्टी होती.

मूल, स्त्री आणि निरक्षर : वाचकाच्या व्याख्येचा विस्तार

मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी स्वतंत्र दालन करण्यात आले. तेथे मुलांची पुस्तके होती, तशीच खेळणी व बैठे खेळही होते. मुलांसाठी वेगळी खोली ठेवण्याची पद्धत अमेरिकेतही १८९० च्या दशकातच रूढ होऊ लागली होती. म्हणजे बडोद्याने ती फारशा विलंबाने स्वीकारली नाही. आपल्याकडे पाठ्यपुस्तकाखेरीज मुलाने काही वाचणे ही त्या वेळी उनाडकी समजली जाण्याचा संभव अधिक होता. अशा वातावरणात खेळता खेळता मुलाचे लक्ष पुस्तकाकडे जावे, अशी रचना शासकीय खर्चाने उभी राहते, याचे महत्त्व कमी लेखता येणार नाही. मूल हा उद्याचा वाचक आहे म्हणून नव्हे, तर ते आजच वाचक आहे म्हणून त्याची सोय केली गेली.

स्त्रियांसाठीही स्वतंत्र ग्रंथालयाची व्यवस्था झाली. पुरुषांच्या गर्दीत वाचनालयात जाऊन बसणे त्या काळच्या मध्यमवर्गीय स्त्रीलाही कठीण होते. पुस्तक मोफत आहे, पण तेथवर जाता येत नाही, या स्थितीत मोफतपणाला अर्थ उरत नाही, हे ओळखूनच ही तरतूद झालेली दिसते. ज्यांना वाचताच येत नाही, त्यांच्यासाठी खात्याचा दृश्य शिक्षणाचा विभाग होता. जादूचा कंदील आणि चलच्चित्रे यांच्या साहाय्याने तो गावोगाव मोफत खेळ करी. ग्रंथालय खात्याने निरक्षरांनाही आपल्या कक्षेत घ्यावे, ही कल्पना आजही नवी वाटावी अशी आहे.

फिरती पेटी

या सर्व योजनेतील सर्वांत बोलका भाग म्हणजे फिरती ग्रंथालये. मध्यवर्ती ग्रंथालय शहरात होते. संस्थानाचा मुलूख मात्र कडी, नवसारी, अमरेली असा सलग नसलेल्या तुकड्यांत विखुरलेला होता. त्यामुळे मजबूत लाकडी पेट्या तयार करून त्यांत पंधरा ते तीसच्या आसपास पुस्तके भरून त्या गावोगाव पाठवण्यात येत. पेटीबद्दल गावाला काही आकार द्यावा लागत नसे. नेण्या-आणण्याचा खर्चही खातेच करी. ठरलेल्या मुदतीनंतर पेटी परत येई आणि दुसरी जाई.

पंधरा-वीस पुस्तकांच्या पेटीत काय घालायचे, हा प्रश्न वीस हजार ग्रंथांच्या मांडणीइतकाच कठीण आहे. मोठ्या ग्रंथालयात निवड वाचकावर सोपवता येते. पेटीत ती आधीच करून ठेवावी लागते. सगळी पुस्तके धार्मिक भरली तर तरुण फिरकणार नाहीत. सगळ्या कादंबऱ्या भरल्या तर शेतीची, आरोग्याची माहिती हवी असणाऱ्याला काही मिळणार नाही. मुलांचे एकही पुस्तक नसेल तर शाळेतील मास्तरचा उपयोग होणार नाही. एका लहानशा पेटीत सर्व वयांचे आणि नाना अभिरुचींचे गाव मावले पाहिजे, असे हे गणित होते. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे, असे सूत्र डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राच्या पाच सिद्धान्तांत मांडले. त्याआधी दोन दशके बडोद्याच्या खात्याला हे सूत्र पेटी भरताना प्रत्यक्षात सोडवावे लागत होते.

पेटीबरोबरच गावाच्या स्वतःच्या ग्रंथालयासाठी अनुदानाची पद्धत होती. लोकांनी जेवढी रक्कम जमवावी, तेवढीच प्रांत पंचायतीने आणि तेवढीच मध्यवर्ती खात्याने द्यावी. खेड्यासाठी ही मर्यादा वार्षिक १०० रुपये, तर मोठ्या गावांसाठी ३०० रुपये होती. गावाने आरंभी हात पुढे केल्याशिवाय सरकारचा हात पुढे येत नसे. त्यामुळे ग्रंथालय हे दान न राहता गावाचे होई. पेटी येऊन वाचनाची गोडी लावी आणि गोडी लागलेले गाव स्वतःचे ग्रंथालय उभारी, असा हा क्रम कल्पिलेला होता.

वाचण्याजोगे पुस्तकच नसेल तर?

वाचकापर्यंत जाण्याचा मार्ग तयार झाला, तेव्हा मराठी व गुजरातीतील ग्रंथांची उणीव अधिकच जाणवू लागली. कथा, पुराणे, संतवाङ्मय, नाटके विपुल होती. विज्ञान, आरोग्य, इतर देशांचा इतिहास, मुलांची पुस्तके मात्र थोडी होती. ग्रंथालय खात्याच्या आधीपासूनच महाराजांनी मराठी ग्रंथरचनेला आश्रय दिला होता. परदेशांचे इतिहास मराठीत आणणारी ‘राष्ट्रकथामाला’ हे त्याचे उदाहरण होय. पुढे १९१२ मध्ये दोन लक्ष रुपयांचा निधी राखून ठेवण्यात आला आणि त्याच्या उत्पन्नातून ‘श्रीसयाजी साहित्यमाला’ व मुलांसाठी ‘श्रीसयाजी बालज्ञानमाला’ या माला मराठी व गुजरातीत प्रसिद्ध होऊ लागल्या. याच आश्रयाच्या परंपरेत दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी संपादिलेल्या मराठी ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे दहा खंड बडोद्यात सिद्ध झाले.

येथे कार्यकारणाचा क्रम उलटा झालेला दिसतो. सामान्यतः लेखक लिहितो, प्रकाशक छापतो आणि मग ग्रंथालय विकत घेते. बडोद्यात ग्रंथालयाच्या मांडणीवरील रिकामी जागा पाहून पुस्तके लिहवून घेण्यात आली. जे विषय आणि जे वयोगट वंचित होते, ते वर्गीकरणामुळेच उघडे पडले. यादीचा हा उपयोग १८६७ च्या सरकारी यादीहून सर्वस्वी भिन्न आहे.

मर्यादा

या चळवळीचे मूल्यमापन करताना तिच्या मर्यादांकडे दुर्लक्ष करणे इतिहासदृष्टीला धरून होणार नाही. पहिली मर्यादा निवडीच्या अधिकाराची. पेटीत कोणते पुस्तक जावे, हे खाते ठरवी. कोणते लिहिले जावे, हेही बव्हंशी दरबारच ठरवी. ‘उपयुक्त’ आणि ‘सुसंस्कृत’ वाचनाची कल्पना वरून खाली येत होती. वाचकाचे स्वातंत्र्य आणि पालकभावाने केलेली निवड यांतील हा ताण प्रत्येक ग्रंथालयात असतो. राजाश्रयाच्या योजनेत तो अधिक होता.

दुसरी मर्यादा सामाजिक होय. सयाजीरावांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींसाठी शाळा काढल्या आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले तेही बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर. परंतु १९१७ मध्ये संस्थानच्या नोकरीत रुजू होण्यास ते बडोद्यात आले, तेव्हा जातीमुळे त्यांना राहण्यास जागासुद्धा मिळू शकली नाही आणि परतावे लागले. ज्या शहरात ग्रंथालय सर्वांना मोफत होते, त्याच शहरात एका असामान्य वाचकाला छप्पर नाकारले गेले. मोफत ग्रंथालयाच्या नियमात भेद नसला, तरी ज्या गावात पेटी उघडली जाई त्या गावात भेद होताच. पेटी गावात पोहोचणे आणि गावातील प्रत्येकापर्यंत पोहोचणे यांतील हे अंतर संख्येच्या तक्त्यांतून दिसत नाही.

तिसरी मर्यादा सातत्याची. सयाजीरावांचे १९३९ मध्ये निधन झाले आणि १९४९ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. एका राज्यकर्त्याच्या आस्थेवर उभी असलेली समग्र व्यवस्था त्यानंतर त्याच जोमाने चालू राहणे कठीण होते.

उत्तरकाळ आणि आजचा प्रश्न

मुंबई सरकारने १९३९ मध्ये आ. अ. अ. फैजी यांच्या अध्यक्षतेखाली ग्रंथालय विकास समिती नेमली. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ मध्ये झाला. त्यात ग्रंथालय कराची तरतूद नाही. लोकांनी चालवलेल्या ग्रंथालयांना ‘अ’, ‘ब’, ‘क’, ‘ड’ अशा वर्गवारीनुसार शासनाने अनुदान द्यावे, ही त्याची पद्धत आहे. या पद्धतीने सुमारे बारा हजार ग्रंथालयांचे जाळे राज्यभर पसरले, ही लहान गोष्ट नाही. मात्र दर्जा ठरवताना ग्रंथसंख्या, सभासदसंख्या, नियतकालिके यांसारख्या मोजता येणाऱ्या गोष्टींवर भर राहिला. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी पुस्तकांची वर्गीकृत सूची १९४४ मध्ये सिद्ध केली, ती एका व्यक्तीच्या असाधारण परिश्रमाचे फळ होती. अशा सूचींना गावातील ग्रंथालयाच्या दैनंदिन व्यवहाराशी जोडणारी यंत्रणा मात्र उभी राहिली नाही.

२०१७ मध्ये महाबळेश्वरजवळील भिलार येथे शासनाने ‘पुस्तकांचे गाव’ हा उपक्रम सुरू केला. तेथे बालसाहित्य, संतसाहित्य, इतिहास, कविता अशा साहित्यप्रकारांनुसार निरनिराळ्या घरांत पुस्तके मांडलेली आहेत आणि कोणीही जाऊन ती चाळू शकतो. मुक्तप्रवेश आणि साहित्यप्रकारानुसार मांडणी या बडोद्याच्या दोन्ही तत्त्वांचे हे सुखद स्मरण होय. परंतु भिलारला वाचकाने जायचे असते. बडोद्याची पेटी वाचकाकडे येत असे.

महाविद्यालयीन ग्रंथालयांनाही हाच निकष लावून पाहण्यासारखा आहे. मूल्यांकनाच्या निमित्ताने आपण ग्रंथसंख्या, खर्च आणि उपस्थितीचे आकडे नेमाने भरतो. पण अनेक ठिकाणी पुस्तके अजूनही कुलूपबंद कपाटांत असतात आणि विद्यार्थी चिठ्ठीवर नाव लिहून खिडकीशी उभा राहतो. घरातून प्रथमच महाविद्यालयात आलेल्या मुलाला वा मुलीला क्रमिक पुस्तकाखेरीज दुसरे नाव ठाऊक नसते. म्हणून ते तेवढेच मागतात आणि तेवढेच त्यांना मिळते. मग ‘विद्यार्थी अवांतर वाचत नाहीत’ असा निष्कर्ष आपण काढतो. संगणकावर नाव टाकून पुस्तक शोधण्याची सोय झाली, तरी ही अडचण संपत नाही, कारण तेथेही नाव आधी ठाऊक असावे लागते.

समारोप

बडोदे संस्थानातील ग्रंथालय चळवळीने वाचकाची व्याख्या विस्तारली, कपाटाचे दार उघडले, पुस्तके विषयवार शेजारी आणली, पेटी गावात नेली आणि नसलेली पुस्तके लिहवून घेतली. या पाचही गोष्टींमागे एकच भूमिका होती : पुस्तक न सापडणे हा वाचकाचा दोष मानू नये, तो व्यवस्थेचा दोष मानावा. राजेशाहीतील पालकभाव आणि जातिव्यवस्थेची भिंत या मर्यादा त्या प्रयोगाला होत्या, आणि त्या ध्यानात घेऊनच त्याचे अनुकरण व्हावे. लोकशाही व्यवस्थेत पेटी भरण्याचे काम दरबाराचे राहिलेले नाही. ते शिक्षक आणि ग्रंथपाल यांचे आहे. वर्षाच्या आरंभी आपल्या विषयाची वीस पुस्तके, त्यांत काही सोपी, काही कठीण, काही विषयाच्या कडेची, निवडून ती कुलपाबाहेरच्या एका मांडणीवर ठेवणे, एवढे कोणत्याही महाविद्यालयाला विशेष निधीवाचून करता येण्याजोगे आहे.